खंडेनवमीचं तेल

मी एक जुनी चकती आहे, मित्रांनो. चकती म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काकडीची चकती येईल. मी तसली नव्हे. मी पोलादाची. डोंगरात चालवायची जी दणकट सायकल असते, तिच्या मागच्या चाकाच्या मधोमध मी बसलेली असते. सायकलवाले मला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्हीकडून चिमटीत धरतात. मी थांबते आणि माझ्याबरोबर चाक थांबतं. पुढच्या चाकालाही अशीच एक चकती असते. ती माझ्याहून आकारानं मोठी, म्हणून मी तिला थोरली म्हणते.

सायकलचं बाकी सगळं अंग पुढं पळायला उतावीळ असतं. पेडल काय, चेन काय, टायर काय, एकालाही दम नाही. मागं ओढणाऱ्या आम्ही दोघीच. मी स्वभावानं भित्री आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. भिण्यासाठीच तर मला घडवलं. उतार दिसला की मी पॅडांची वाट बघते, वळण आलं की मी देवाचं नाव घेते. सगळेच शूर झाले तर माणसांनी घरी परतायचं कसं?

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्यातून मला कापून काढलं, तापले तर वारा लागावा म्हणून अंगभर भोकं पाडली आणि दोन्ही बाजू घासून घासून सपाट केल्या. मला खोक्यात भरणाऱ्या बाईनं हातमोजे घातले होते, कारण उघड्या बोटाचा तेलकटपणासुद्धा मला सोसत नाही. चेनला तेल हवं, बेअरिंगला ग्रीस हवं, मला मात्र कोरडं राहावं लागतं. तेवढं एकच माझं सोवळं.

पहिला मालक पुण्याचा. त्यानं हौसेनं सायकल घेतली, दोन-चार रविवार टेकडीवर नेली, फोटो काढले आणि मग गॅलरीत उभी करून ठेवली. सीटवर कबुतरांनी संसार मांडला. माझ्या भोकाभोकांतून कोळ्यानं जाळं विणलं. खरं सांगायचं तर तिथं मला कसलीच भीती नव्हती, आणि तरीही मी रोज झुरत होते. भित्र्यालाही कामाची भूक असतेच की.

मग शिवांजली आली, तिनं ती सायकल जुन्यात विकत घेतली आणि सांगलीजवळच्या कुपवाडला नेली.

शिवांजली सांगलीच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. तिचे वडील लालासाहेब, ती त्यांना आबा म्हणते. कुपवाडच्या एमआयडीसीत त्यांची छोटी शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर, आणि मालक म्हणा की कामगार म्हणा, ते एकटेच. शिवांजलीनं पहिल्याच दिवशी पांढरं फडकं स्पिरिटमध्ये भिजवून मला लख्ख पुसलं. पुढं प्रत्येक फेरी झाल्यावर ती हेच करायची. मला बोट म्हणून लावायची नाही. मी मनात म्हटलं, जन्माचं सार्थक झालं बाई.

तिच्याबरोबर डोंगर हिंडणारी दोन माणसं होती. एक पारस, सांगलीचा, घरचा हळदीचा व्यापार बघणारा. दुसरी रूपाली, शिवांजलीच्याच शाळेत गणित शिकवणारी. एकदा दंडोबाच्या डोंगरावर उतारावरच्या वळणावर अचानक मेंढरं आडवी आली. थोरलीनं आणि मी असा काही चिमटा बसवला, की सायकल पहिल्या मेंढराच्या शेपटाशी जाऊन उभी राहिली. पारस म्हणाला, ब्रेक असावा तर असा. माझं कौतुक कुणी केलं असेल तर ते त्या दिवशी.

लालासाहेबांचा त्या सायकलवर फार जीव होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण लेक डोंगरावर गेली की शेडमध्ये त्यांचं कामात लक्ष लागायचं नाही. आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट कित्येक महिने सलत होती. पोरगी चेनला तेल घालते, पण चकत्या कोरड्याच ठेवते. त्यांच्या धंद्यात उघडं लोखंड कोरडं ठेवणं म्हणजे पाप. लेथवरून काम उतरलं की त्याला तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर सकाळी तांबेरलेलं मिळतं. एकदा त्यांनी खिशातलं चुंबक मला लावून पाहिलं. ते चटकन चिकटलं. झालं, लोखंडच आहे, त्यांनी ठरवून टाकलं. चुंबक चिकटणारं पण न गंजणारं पोलादही असतं, आणि मी त्यातलीच आहे. पण मला तोंड कुठं आहे सांगायला? पोरगी शिकलेली आहे पण चकत्यांना तेल द्यायचं विसरते, असं ते बायकोला, लीलाबाईंना म्हणाले. लेकीला मात्र त्यांनी विचारलं नाही. आणि आपण त्या कोरड्या का ठेवतो, हे लेकीनंही कधी सांगितलं नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

कुपवाडच्या शेडांमधून ती कशी होते ते तुम्ही बघितलंय का? मशिनं बंद. आदल्या दिवसापासून सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन काढतात, पुसतात, तेलाचा हात फिरवतात आणि टेबलावर मांडतात. पाने, पक्कड, ड्रिल, मापाची हत्यारं, सगळी नवरीसारखी चमकत बसतात. मग हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, हा नियम. वर्षभर राबलं, एक दिवस त्यानं बसून मान घ्यायचा.

शिवांजली शाळेत सरस्वतीपूजनाला गेली होती. लालासाहेबांनी सायकल शेडमध्ये आणली, धुतली, कोरडी केली. मग नवा सुती बोळा घेतला, तेलाच्या डब्यात बुडवला आणि माझ्यापुढं उकिडवे बसले. मित्रांनो, मी ओळखलं, आता हे मला तेल लावणार. त्यांनी चाक उचलून हळूहळू फिरवलं, लेथवरचा नाजूक जॉब फिरवावा तसं, आणि मला दोन्ही अंगांनी तेल लावलं. भोकाभोकांत लावलं. मग पुढं जाऊन थोरलीला लावलं. चाक फिरत होतं, तसं आमच्या अंगावरचं तेल पॅडला लागत होतं, आणि पॅड तर भज्यासारखे तेल पितात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ना, ते हेच. फक्त हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवटी त्यांनी माझ्यावर कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

"माझ्या लेकीला संभाळ," ते म्हणाले.

ज्या हातांनी त्यांनी माझी पकड काढून घेतली होती, तेच हात जोडून ते मला लेकीला सांभाळायला सांगत होते. मी काय करू? मला ओरडता येत असतं तर मी सारी एमआयडीसी गोळा केली असती.

त्या दिवशी हत्याराला काम नाही, म्हणून सायकल कुणी चालवली नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. हँडलला झेंडूची माळ घालून ती पडवीत उभी. शिवांजलीनं आल्यावर चकचकीत सायकल बघितली आणि वडिलांनी एवढी धुऊन ठेवली म्हणून ती सुखावली. मला पुसायची तिची वेळ फेरी झाल्यानंतरची, आधीची नव्हे. त्यामुळं माझ्याकडं तिनं निरखून पाहिलंच नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे पारसच्या गाडीमागं तिन्ही सायकली बांधून ते सातारच्या वाटेला लागले. यवतेश्वरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, त्यांनी सायकली उतरवल्या. शिवांजलीनं नेहमीसारखं चाक उचललं, हातानं फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक थांबलं. हातानं फिरवलेलं चाक तेवढ्यानं थांबतंच हो. त्यावर माणूस बसला, उतार लागला की खरी परीक्षा. मी चिर्र आवाज केला. मला तेवढंच करता येत होतं. पारसनं मान वळवून बघितलं. पहाटेच्या दवाची ओल असेल, तापली की वाळेल, असं शिवांजली म्हणाली, आणि तिघं चढाला लागले.

चढावर ब्रेक लागत नाही. सगळ्यांची तोंडं लाल, श्वास फुललेले, कमरेएवढं गवत वाऱ्यानं वाकत होतं आणि खाली कण्हेर धरणाचं पाणी चमकत होतं. सगळे खुशीत होते. मी एकटी जीव मुठीत धरून बसले होते. आपण जेवढं चढतोय तेवढं उतरायचं आहे, हे मला दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. वर पठारावर रूपालीनं धपाटे आणि दही काढलं. खाताना पारस तिला चिडवत होता, की गणिताच्या बाई उताराला उभं राहून आधी कोन मोजतात. रूपाली नवी होती, उताराला बिचकायची, हे खरंच होतं. म्हणून उतरताना तिला ते मध्ये घ्यायचे. पारस पुढं, रूपाली मध्ये, आणि सगळ्यांत तरबेज शिवांजली शेवटी, मागून लक्ष ठेवायला.

ती वाट गुराख्यांची. डाव्या हाताला डोंगराची भिंत, उजव्या हाताला दरी, आणि मध्ये एका सायकलीपुरती मुरमाड पायवाट. पावसानं तिला जागोजाग चर पाडलेले. पारस गेला. रूपाली गेली. दोघं पहिल्या वळणाआड झाली आणि शिवांजलीनं ब्रेकवरची बोटं सैल केली.

पहिल्या उतारावर तिनं ब्रेक दाबला. पॅडनी मला धरलं आणि मी त्यांच्यातून निसटले. पुन्हा दाबला, पुन्हा निसटले. थोरलीचंही तेच. तेल तापून धूर यायला लागला. शिवांजलीची बोटं थांबली, क्षणभर तिला कळेना काय झालंय. मग कळलं. तिचा सगळा देह आखडला, तो मला चाकातून जाणवला. तिनं दोन्ही ब्रेक मुठी पांढऱ्या पडेपर्यंत आवळले. मी रडले, किंचाळले, त्या डोंगरात माझा आवाज घुमला, पण वेग कमी होईना. वाढतच गेला. आजवर मी हजार वेळा भ्याले असेन, पण प्रत्येक वेळी काहीतरी करू शकत होते. नुसतं भिणं काय असतं, ते मला त्या उतारावर कळलं.

वळण आलं. कसंबसं निभावलं. मागचं चाक दरीकडं सरकलं, दगड खाली गेले आणि त्यांचा पडल्याचा आवाज आलाच नाही. वळणापुढं सरळ उतार, आणि त्या उताराच्या तळाशी रूपाली.

शिवांजली ओरडली, "रूपाली, पुढं जा, माझा ब्रेक गेलाय!"

माणूस घाबरला की उलटंच करतो. रूपालीनं सायकल थांबवली. वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि मागं वळून बघायला लागली. तिच्या उजव्या पायाच्या पलीकडं जमीन नव्हती. शिवांजली तशीच गेली असती तर तिच्या धडकेनं रूपाली सरळ दरीत गेली असती. ते शिवांजलीला दिसलं, आणि मलाही दिसलं. मला वाटलं, आता हिच्या हातून मैत्रीण मरणार, आणि ती माझ्यामुळं मरणार.

शिवांजलीनं हँडल डावीकडं मारलं. मुद्दाम. डोंगराच्या अंगावर सायकल घातली. खांदा आधी आपटला, मग डोकं, मग आम्ही सगळे खरडत, उलटेपालटे होत खाली आलो. मी एका काळ्या दगडावर आदळले आणि वाकले. चाक दरीच्या काठावर फिरत राहिलं, बराच वेळ फिरत राहिलं. शिवांजली रूपालीपासून दोन हातांवर पडली होती.

हेल्मेट फुटलं होतं, डोकं शाबूत होतं. गळ्याजवळचं हाड मात्र मोडलं. रूपाली तिच्याजवळ बसून राहिली. पारस धापा टाकत वर चढून आला. आधी शिवांजलीकडं बघितलं, मग सायकल काठावरून ओढून घेतली. माझ्यावर बोट फिरवलं, ते चोळलं, वास घेतला. डिस्कला तेल कुणी लावलं, म्हणून त्यानं विचारलं. शिवांजलीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझ्या भोकांत तेलात कालवलेलं कुंकू बसलं होतं. ते पाहताच तिनं डोळे मिटून घेतले.

"आबांना कळू द्यायचं नाही," ती म्हणाली. "ते सहन करू शकणार नाहीत."

पारसला पटलं नाही. पण दुखण्यानं तिचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून त्यानं आणि रूपालीनं शब्द दिला.

सातारच्या दवाखान्यातून गळ्यात अडकवलेल्या झोळीत हात घेऊन ती घरी आली. मुरमावरून चाक घसरलं, एवढंच तिनं सांगितलं. लीलाबाईंनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. आणि लालासाहेब? ते भेटेल त्याला सांगत सुटले, की खंडेनवमीला सायकलची साग्रसंगीत पूजा केली होती, तेलपाणी केलं होतं, म्हणून पोर वाचली. प्रत्येक वेळी शिवांजली मान खाली घालायची. मित्रांनो, डोंगरावर मी भ्याले होते, पण घरात त्याहून जास्त भ्याले. उतार एकदा संपतो तरी. ह्या भ्रमाला तळ दिसत नव्हता.

आठवडाभरात लालासाहेबांनी सायकल शेडमध्ये घेतली. हँडल सरळ केलं, आरे ओढले. मला सोडवून, सपाट पाटावर ठेवून, हलक्या हातानं ठोकून सरळ केलं. काम सुरेख होतं, नावाजण्यासारखं. आणि मग त्यांनी तेलाचा डबा पुढं ओढला. शिवांजली तिथंच स्टुलावर बसली होती. आता दर आठवड्याला मीच तेल देत जाईन, असं ते म्हणाले. तिनं मान डोलावली. मला कळलं, ही गुपचूप मला पुसून घ्यायचा विचार करते आहे. पॅड बदलेल, आणि बापाला आयुष्यभर कळू देणार नाही.

तेवढ्यात लालासाहेब बोळा पिळत म्हणाले, "त्या पारसची नि रूपालीची सायकल बी घिऊन ये. त्यांची बी पोरं हायत कुणाची तरी. त्यांला बी तेल देतो."

शिवांजली उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं रूपाली दिसत असणार, मागं वळून बघणारी.

"आबा, हात थांबवा," ती म्हणाली. "ब्रेकला तेल चालत न्हाई."

"चालत न्हाई म्हंजी?"

"तेलानं पकड सुटती. म्हणूनच पडले मी."

लालासाहेबांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं मशिनावर काढलेला माणूस तो. पट्ट्याला तेल लागलं की पट्टा घसरतो, हे ते झोपेतही सांगतील. फक्त मला त्यांनी त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या बोळ्याकडं, मग लेकीच्या गळ्यातल्या झोळीकडं. ते खाली फरशीवरच बसले.

"मग आल्या आल्या का न्हाई बोललीस?"

"तुमी लय मायेनं केलं व्हतं, आबा."

"माया गेली खड्ड्यात," ते म्हणाले. त्यांनी हातातला बोळा फेकून दिला. "तू जाणार व्हतीस."

ते उठले आणि बाहेर नळावर जाऊन साबणानं हात धुवायला लागले. किती वेळ धुतले, कोण जाणे. परत आले ते हात पाठीमागं धरून. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी त्यांची हिंमत होईना. शिवांजलीनंच पाठीमागून त्यांचा ओला हात ओढून घेतला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. मीच आधी सांगायला हवं होतं, असं ती म्हणत होती, आणि ते नुसती मान हलवत होते.

मला पुन्हा चाकाला लावलं नाही, घरच्या पडवीत खिळ्याला अडकवून ठेवलं. एकदा वाकलेली चकती कितीही सरळ केली तरी भरवशाची नसते. आमच्या जागी नव्या दोघी आल्या, नवे पॅड आले. शिवांजलीचं हाड जुळलं, आणि पुन्हा डोंगरावर जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं सायकल अंगणात काढली. लालासाहेब जवळ आले. चेनकडं बोट करून त्यांनी विचारलं, हिला लावू? लावा म्हणाली. पेडलला? थोडं. मग ते नव्या चकत्यांपाशी थांबले, हात मागं घेतले आणि लेकीच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. तिनं त्यांच्या हातात कोरडं पांढरं फडकं दिलं.

मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तू तुम्हांला सांगतात, की आम्हांला विसरू नका, आमच्याकडं लक्ष द्या. त्यांचं बरोबर आहे. मला मात्र कुणी विसरलं नव्हतं, माझ्यावर तर जीव ओवाळून टाकला होता. म्हणून माझी विनंती वेगळी आहे. ज्याची काळजी घ्याल त्याला आधी विचारा, तुला काय सोसतं, काय सोसत नाही. आणि तुमची काळजी कुणी चुकीची घेत असेल, तर त्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसू नका. घरी बसून, चहा पिता पिता, सांगून टाका. उतारावर सांगायला वेळ मिळत नाही.